एक्सेलच्या सगळ्या शीट एका मॅक्रोत नीटनेटक्या

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब म्हणजे एप्रिल ते मार्च, बारा शीट. मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर दाखवायच्या आधी प्रत्येक शीटवरच्या ग्रिडलाइन्स काढायच्या, शून्यं लपवायची, झूम वाढवायचा. सगळ्या शीट एकत्र सिलेक्ट करूनही ग्रिडलाइन्स काढता येतात, पण ते सिलेक्शन सोडायला विसरलात तर एप्रिलमध्ये टाकलेला आकडा बाराही महिन्यांत जाऊन बसतो. त्यापेक्षा मॅक्रो बरा, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या आणि एका झटक्यात चालणाऱ्या सूचना.

आधी कोड लिहूच नका, रेकॉर्ड करा. व्ह्यू टॅबमध्ये मॅक्रोज, मग रेकॉर्ड मॅक्रो. ग्रिडलाइन्सची टिक काढा आणि रेकॉर्डिंग थांबवा. आता ऑल्ट आणि एफ-११ दाबा, कोडचा एडिटर उघडेल. डावीकडे मॉड्यूल्सखाली मॉड्यूल-१ उघडलंत की एक्सेलनं स्वतः लिहिलेली ओळ दिसेल:

ॲक्टिव्हविंडो.डिस्प्लेग्रिडलाइन्स = फॉल्स

या ओळीतला पहिला शब्द नीट बघा. ग्रिडलाइन्सची सेटिंग शीटकडून नाही, विंडोकडून मागावी लागते, आणि विंडो फक्त समोर असलेल्या शीटपुरतं ऐकते. म्हणून प्रत्येक शीट आधी समोर आणायची, मग सेटिंग बदलायची. इथेच बहुतेकांचा कोड अडतो. त्याच मॉड्यूलमध्ये खाली हे लिहा. इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलंय, एडिटरमध्ये रोमन लिपीत टाइप करायचं:

सब नीटनेटके()
डिम पान ॲज वर्कशीट
फॉर ईच पान इन वर्कशीट्स
इफ पान.व्हिजिबल = -1 देन
पान.ॲक्टिव्हेट
ॲक्टिव्हविंडो.डिस्प्लेग्रिडलाइन्स = फॉल्स
ॲक्टिव्हविंडो.डिस्प्लेझिरोज = फॉल्स
ॲक्टिव्हविंडो.झूम = 130
एंड इफ
नेक्स्ट पान
एंड सब

व्हिजिबलची अट गाळू नका, -1 म्हणजे शीट लपवलेली नाही. लपवलेली शीट अशी समोर आणता येत नाही. झूम 10 ते 400 च्या मध्येच हवा. कर्सर कोडमध्ये ठेवून एफ-५ दाबलं की काम झालं.

मॅक्रोनं केलेला बदल कंट्रोल-झेडनं मागे येत नाही. त्यामुळे हाच कोड दुसऱ्या नावानं कॉपी करा, त्यात फॉल्सच्या जागी ट्रू आणि झूम 100 करून ठेवा.

फॉर्म्युला बारचं प्रकरण वेगळं. तो अख्ख्या एक्सेलचा, एका फाइलचा नाही. तुमच्या फाइलनं तो लपवला तर शेजारी उघडलेल्या दुसऱ्या फाइलमधूनही गायब होतो, आणि ती फाइल वापरणारा माणूस बिचारा शोधत बसतो. तो लपवायचाच असेल तर डावीकडच्या धिसवर्कबुकमध्ये जा. तिथल्या वर्कबुक ॲक्टिव्हेटमध्ये (फाइल समोर आली की आपोआप चालणारा भाग) ॲप्लिकेशन.डिस्प्लेफॉर्म्युलाबार = फॉल्स लिहा आणि डीॲक्टिव्हेटमध्ये (फाइल मागे गेली की चालणारा भाग) तीच ओळ ट्रू करून. म्हणजे तुमची फाइल समोर असेपर्यंतच तो दिसणार नाही.

सेव्ह करताना प्रकार मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक निवडा. साध्या एक्सएलएसएक्समध्ये कोड टिकत नाही. ही फाइल मेलनं आली असेल तर एक्सेल मॅक्रो अडवतं. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकला टिक करा, अर्थात पाठवणारा ओळखीचा असेल तरच.

मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. पण ग्रिडलाइन्स, शून्यं आणि झूम यांच्या सेटिंग फाइलमध्येच साठवल्या जातात. म्हणून सभासदांच्या ग्रुपवर टाकायची फाइल मॅक्रो चालवून झाल्यावर साध्या एक्सएलएसएक्समध्ये वेगळी सेव्ह करा आणि तीच पाठवा.