हळदीच्या कार्यक्रमाआधी मेनस्टेजची तयारी

आधी रिव्हर्ब (आवाजाला खोलीसारखं घुमवणारा इफेक्ट) मोजा. मेनस्टेज हे मॅकवर लाइव्ह वाजवण्याचं सॉफ्टवेअर; त्याच्या कॉन्सर्टमध्ये, म्हणजे कार्यक्रमाच्या फाइलमध्ये, गाण्यागणिक पॅच (वाद्यांच्या आवाजांची जुळणी) वाढत जातो आणि प्रत्येक पॅचला स्वतःचा रिव्हर्ब चिकटलेला असतो. ते सगळे काढून टाका. कॉन्सर्टच्या पातळीवर, म्हणजे सगळ्या सेट-पॅचच्या वर, दोनच ऑक्स चॅनल (सगळ्या वाद्यांनी वाटून घ्यायचे इफेक्टचे चॅनल) बनवा: बस १ वर (बस म्हणजे तिथवर आवाज नेणारी आतली वाट) रिव्हर्ब, बस २ वर डिले (मागून येणारा पडसाद). दोन्हींत ड्राय (मूळ कोरडा आवाज) शून्य, वेट (इफेक्टचा ओला आवाज) शंभर टक्के. मग बासरी, हार्मोनियम, स्ट्रिंग्ज यांना त्याच बसवर हवा तेवढा सेंड (तिकडे धाडायचा आवाजाचा वाटा) द्या. बेसला नाहीच, ढोलकीला नावापुरता. सगळी वाद्यं एकाच खोलीत वाजतायत असं वाटतं आणि पॅच बदलला तरी आधीच्या सुराची शेपटी तुटत नाही. शिवाय प्रोसेसरवरचा भार उतरतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा तापलेलं मॅकबुक आपला वेग आपणच कमी करतं, हे लक्षात असू द्या.

डिले टेम्पोशी बांधा. १२० च्या टेम्पोला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, त्याची पाऊणपट ३७५. ऑक्टोपॅडवाला क्लिकवर (कानातल्या टिकटिक ठोक्यावर) वाजवत नसेल तर टॅप टेम्पोला, म्हणजे पायाने ठोका देऊन टेम्पो ठरवायला, एक पॅडल राखून ठेवा.

गायकाचा माइक मात्र लॅपटॉपमधून नेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. कोरडा आवाज थेट मिक्सरवर राहू द्या. मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून तो इंटरफेसच्या (लॅपटॉपला जोडलेल्या साउंड कार्डच्या) इनपुटला घ्या, मेनस्टेजमध्ये त्या चॅनलचं आउटपुट बंद ठेवा, फक्त बस १ चा सेंड उघडा. ऑक्सचा ओला आवाज आउटपुट ३-४ मधून मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर परत येईल. लॅपटॉप अडकला तरी गाणं चालू राहतं. चॅनलचं आउटपुट चुकून उघडं राहिलं तर कोरडा आवाज काही मिलिसेकंद उशिरा पुन्हा येतो आणि गळा पत्र्यातून आल्यासारखा लागतो. आणि परतीच्या चॅनलवरचा तोच ऑक्स सेंड शून्यावर हवा, नाहीतर आवाज गोल फिरून शिटी सुटते. साउंडवाल्या भाऊंना ती खुंटी बोट ठेवून दाखवा, त्यावर पट्टी चिकटवा.

रिव्हर्ब ऑक्सच्या फेडरला कीबोर्डवरची एक नॉब जोडा. शेतातल्या मोकळ्या मांडवात आवाज उडून जातो, तिथे रिव्हर्ब लागतोच. पत्र्याच्या मंगल कार्यालयात पहिल्याच गाण्याला पुढच्या रांगेतून 'आवाज घुमी ऱ्हायना भाऊ' (आवाज घुमतोय) ऐकू येतं. निवेदनाच्या वेळी रिव्हर्ब बंद करायला वेगळं बटण ठेवा, पण ते माइकच्या सेंडवर लावा, ऑक्सच्या म्यूटवर नको. सेंड बंद केला तर शेवटचा सूर आपसूक विरतो, ऑक्स म्यूट केला तर कापल्यासारखा थांबतो.

क्लिक आउटपुट ५ वर, त्याचे सेंड शून्य. गावाकडचे स्पीकर बहुधा मोनोच (डावी-उजवीकडे एकच आवाज) असतात, म्हणून पिंगपाँग डिलेवर (डावी-उजवीकडे उड्या मारणाऱ्या पडसादावर) वेळ घालवू नका. बफर (लॅपटॉप एका दमात हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने) १२८, चरचर आली तर २५६. वायफाय, अपडेट, स्क्रीन झोपणं बंद. कॉन्सर्टची प्रत पेनड्राइव्हवर.

जनरेटरवर गेल्यावर गुणगुण आली तर चार्जर काढून बघा. थांबली तर डीआय बॉक्सचं (इंटरफेस आणि मिक्सरमधल्या जोडणीच्या डबीचं) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे केबलमधलं ग्राउंड तोडणारं बटण, दाबा आणि चार्जर परत लावा.