आधी बाण, मग सूत्र: विस्थापन आणि वेग कसे समजून घ्यावेत

नववीच्या ‘गतीचे नियम’ धड्यातली गणितं मुलं भराभर सोडवतात आणि तरीही विस्थापन विचारलं की अंतर सांगून मोकळी होतात. नाशिकच्या जेलरोडला माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या बहुतेक मुलांचं हेच होतं. म्हणून मी सुरुवातीला सूत्र फळ्यावर लिहीतच नाही. वहीत दोन ठिपके काढायला लावते: जिथून निघालो तो आणि जिथे पोहोचलो तो. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत एक सरळ बाण. त्या बाणाची लांबी आणि दिशा मिळून विस्थापन. मधली वळणं, चढउतार, मागे फिरणं हे सगळं अंतरात मोजलं जातं. बाणाला त्याचं काही देणंघेणं नसतं.

आता खरा प्रवास घ्या. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून मुंबई सीएसएमटीला निघालात, तर रुळांवरून सुमारे 187 किलोमीटर होतात. मोबाइलच्या नकाशात नाशिकरोड स्टेशनवर बोट दाबून धरा, अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि रेषेचं टोक सीएसएमटीवर न्या. सरळ रेषेत सुमारे 154 किलोमीटर दिसतील, दिशा नैऋत्य. गाडी कसारा घाटात वळणं घेत उतरते, ठाण्यानंतर दक्षिणेकडे झुकते, म्हणून हा फरक. हे मुलांनी स्वतःच्या बोटाने मोजायलाच हवं. मी आकडे सांगितले तर ते पाठ होतात, समजत नाहीत.

प्रवासाला साडेतीन तास धरू. 187 भागिले 3.5 म्हणजे ताशी सुमारे 53 किलोमीटर, ही सरासरी चाल. 154 भागिले 3.5 म्हणजे ताशी 44 किलोमीटर, नैऋत्येकडे, हा सरासरी वेग. वेळ तोच, गाडी तीच. चालीत अंतराला वेळेने भागलं, वेगात विस्थापनाला. ‘नैऋत्येकडे’ हा शब्द गाळलात तर वेगाचं उत्तर अर्धवट राहतं. मी तरी त्याचे पूर्ण गुण देत नाही.

ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेपाशी मात्र वर्ग नेहमी अडतो, आणि अडावाच. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी लोक कुशावर्त कुंडावरून निघून सुमारे 20 किलोमीटर चालतात आणि पुन्हा कुशावर्तावर येतात. दोन्ही ठिपके एकाच जागी. बाण काढायला जागाच नाही, म्हणून विस्थापन शून्य आणि सरासरी वेगही शून्य. “मग पाय का दुखतात, मॅडम?” हा प्रश्न हमखास येतो, आणि तो फार चांगला प्रश्न आहे. पाय दुखतात ते 20 किलोमीटर अंतरामुळे. शिवाय शून्य आहे तो पूर्ण प्रदक्षिणेचा सरासरी वेग. वाटेत चालताना प्रत्येक क्षणी माणसाला वेग होताच, फक्त त्याची दिशा बदलत गेली.

आता चिन्हांकडे. सरळ रस्त्यावर एक दिशा आपण धन ठरवायची, उलटी ऋण. समजा नाशिकमध्ये पुणे रोडवर द्वारका चौकातून नाशिकरोडच्या दिशेने, ती धन धरून, स्कूटर 6 मिनिटांत 3 किलोमीटर गेली आणि विसरलेली वही आणायला 4 मिनिटांत 2 किलोमीटर मागे आली. अंतर 5 किलोमीटर, विस्थापन +1. एकूण 10 मिनिटं, म्हणजे तासाचा सहावा भाग. सरासरी चाल ताशी 30 किलोमीटर. सरासरी वेग ताशी 6 किलोमीटर, नाशिकरोडच्या दिशेने. फक्त परतीचा टप्पा बघितला तर वेग ताशी −30. इथे वजाबाकीचं चिन्ह स्कूटर हळू झाली असं सांगत नाही, ती उलट्या दिशेने चालली आहे एवढंच सांगतं. मुलं ऋण वेग म्हणजे ब्रेक असं धरून बसतात. ही समजूत पुढे त्वरण (वेग बदलण्याचा दर) शिकताना फार त्रास देते, म्हणून आत्ताच काढून टाका.

एकक बदलताना किलोमीटर प्रति तासला 3.6 ने भागा, मीटर प्रति सेकंद मिळतं. पंचवटीचे 44 म्हणजे सुमारे 12.2.

हे जमलं की कसारा घाटातून जाणाऱ्या एसटीचा विचार करायला सांगते. वळणावर स्पीडोमीटरचा काटा 30 वर स्थिर आहे. चाल बदलली का? नाही. वेग बदलला का? या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेत नाही. वळणाच्या आधी एक आणि नंतर एक, असे सारख्या लांबीचे दोन बाण वहीत काढून दाखवायचे.