ऑनलाईन तासात मुलांना कामाला कसं लावायचं

पावसामुळे शाळा बंद म्हटलं की ग्रुपवर लिंक येते आणि मग बऱ्याच ठिकाणी तेच चालतं, सर किंवा मॅडम एकटेच बोलतायत आणि स्क्रीनवर नुसती नावं. मी पाचवी ते सातवीला गणित शिकवते आणि माझं ठाम मत आहे की दर पाच मिनिटांनी मुलाच्या हातून काहीतरी झालंच पाहिजे, लिहिणं, दाखवणं, बोलणं, काहीही चालेल.

आधी वेळ ठरवा. बऱ्याच घरी एकच मोबाईल असतो आणि तो बाबांबरोबर कामाला जातो, त्यामुळे पालकांना विचारा की फोन घरी कधी असतो, सकाळी सात नाहीतर संध्याकाळी सात जमत असेल तर तीच वेळ धरा. तास अर्ध्या तासाचाच ठेवा. केंद्राच्या २०२० च्या ऑनलाईन शिक्षणाबद्दलच्या प्रज्ञाता सूचनांमध्येही पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच सत्रं सांगितलीयेत, आणि झूमचं फुकटचं मीटिंग तर ४० मिनिटांत बंदच पडतं.

हजेरीसाठी एकेक नाव पुकारत बसू नका, दहा मिनिटं त्यातच जातात. सुरुवातीलाच एक सोपं गणित द्या, उत्तर चॅटमध्ये आलं की हजेरी लागली.

आता मुख्य गोष्ट, "समजलं का?" हे विचारणं सोडा, कारण त्याला "हो मॅडम" सोडून दुसरं उत्तर येतच नाही. त्याऐवजी विचारा, तीन छेद चार मोठा की दोन छेद तीन, आणि का ते वहीत करून दाखवा. सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये टाईप करून ठेवायचं पण मी "पाठवा" म्हणेपर्यंत सेंड करायचं नाही, म्हणजे हुशार मुलांचं बघून बाकीचे लिहीत नाहीत. मग एकदम सगळी उत्तरं पडतात आणि कोण कुठे अडकलंय ते लगेच कळतं. दोन छेद तीन म्हणणारा मुलगा बहुतेक वेळा छेद सारखे न करता काहीतरी अंदाज लावत असतो, त्याला रागावू नका, "तू कसं केलंस ते सांग" म्हणा, त्याच्या बोलण्यातूनच पुढचा तास कसा घ्यायचा ते सापडतं. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजा, आवाज उशिरा पोचतो, माईक चालू करायलाही वेळ लागतो, आणि आपल्याला शांतता सहन होत नाही म्हणून आपणच उत्तर देऊन टाकतो.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करू नका. एका खोलीत सगळं घर असतं, मुलांना लाज वाटते. वही दाखवण्यापुरता चालू केला तरी पुरे. आणि मुलांचे स्क्रीनशॉट स्टेटसला टाकायचे नाहीत, अजिबात नाही.

तुम्ही फळा म्हणून कागदच वापरा, पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर मोबाईल आडवा ठेवायचा, मधे कागद, कॅमेरा खाली, काळं स्केचपेन, अक्षर मोठं. स्वतःच्या चौकटीत अक्षरं उलटी दिसली तर घाबरू नका, झूम आणि मीटमध्ये मुलांना ती सरळच दिसतात. बालभारतीची पीडीएफ शेअर करताना अख्खं पान नको, एकच उदाहरण मोठं करा, समोर लहान स्क्रीन आहे.

आई शेजारून उत्तर सांगते, हे तर सगळीकडे. पालकांच्या ग्रुपवर प्रेमाने लिहा की चुकलं तरी चालेल, मला त्याचंच उत्तर हवंय.

तास संपल्यावर कागदाचा फोटो आणि दोन-तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज ग्रुपवर टाका, वर पान नंबर लिहा. अख्ख्या तासाचं रेकॉर्डिंग पाठवू नका, त्यात मुलांचा डेटा संपतो. आणि जी मुलं आलीच नाहीत त्यांच्यापैकी दोघा-तिघांना त्याच दिवशी फोन करा, का आला नाहीस असं नको, रिचार्ज संपलाय का, फोन कुणाकडे असतो, शेजारच्या मित्राबरोबर बसता येईल का, हे विचारा आणि जमलं तर फोनवरच एक गणित सोडवून घ्या.