सत्तेवर शंका घेणारी सायफाय लिहायचीये? आधी हिरॉईनला पक्की निष्ठावान करा

भविष्यातल्या मुंबईवर कादंबरी लिहायला बसलं की पहिल्याच पानावर दुष्ट सरकार येतं, काळ्या युनिफॉर्मातले गार्ड येतात आणि सोळा वर्षांची हिरॉईन आधीच चिडून बसलेली असते. मग पुढे तिचं बदलणार काय? जिची निष्ठाच नाही तिची निष्ठा डळमळेल कशी?

म्हणून आधी सत्तेला खरोखर उपयोगी बनवा. मुंबईत लिहिताय तर पाणी घ्या. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि धो धो पाऊस एकत्र आले की नाल्यांचं पाणी समुद्रात जातच नाही, उलट समुद्रच आत यायला बघतो, म्हणून तर हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला इथे पंपिंग स्टेशनं आहेत. हेच शंभर-दीडशे वर्षं पुढे न्या. समुद्र अजून वर आलाय आणि कुठलं गेट कधी उघडायचं ते एक 'मंडळ' ठरवतं. याच मंडळाने हिच्या आजीला पुरातून काढलं, खोली दिली, पप्पांना पंपावर लावलं. देवाच्या फोटोशेजारी मंडळाचा बिल्ला ठेवलाय. आणि ही स्वतः वरळीच्या गेटवर शिकाऊ आहे, युनिफॉर्म रोज इस्त्री करून घालते.

आता शंका. ती एखाद्या आकड्यातून येऊ द्या, गुप्त फाईल वगैरे नको प्लीज. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम 73, एकाच शहरात एकाच दिवशी! म्हणजे कुर्ला बुडालं की मंडळ आरामात म्हणू शकतं, तिकडे पाऊसच जास्त झाला, आणि लोकांना पटतंही कारण असं खरंच होतं. फक्त तुमच्या कादंबरीत कुर्ला बुडालं त्या रात्रीचं पावसाचं रीडिंग हिने पाहिलंय आणि कुर्ल्याचा पाऊस वरळीएवढाच आहे, म्हणजे कुर्ला पावसाने नाही, गेटमुळे बुडालं.

इथे घाई करू नका. तिला लगेच पटायला नकोय. मीटर बिघडला असेल, सरांना विचारू, सर खोटं कशाला बोलतील, असं तीच मंडळाची वकिली करत राहू दे, दोन-तीन प्रकरणं तरी. माझ्या मते कादंबरी खरी इथेच असते, नंतरची पळापळ कोणीही लिहितं.

मग तिला एक जोडीदार द्या जो तिच्याआधी नाही म्हणेल. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केला होता ना, माणसं हुकूम कुठवर पाळतात ते बघायला समोरच्याला शॉक द्यायला सांगायचा (शॉक खोटे होते, देणाऱ्याला माहीत नव्हतं), त्यात 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. पण शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच नकार दिला तेव्हा शेवटपर्यंत गेले फक्त 4. तर या मित्राला भाषण देऊ नका, एक दिवस तो लिव्हर ओढत नाही, बस.

बंड कसं पेटतं ते बघायला आपल्या कुलाब्यातच उदाहरण आहे. 18 फेब्रुवारी 1946, 'तलवार' हे नौदलाचं सिग्नल स्कूल, म्हणजे वायरलेसने संदेश पाठवायला शिकवणारी शाळा, तिथली पोरं खराब जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या यावरून संपावर गेली. सिग्नलवालीच असल्यामुळे बातमी भराभर पसरली, कराचीपर्यंत पोचली, इथले गिरणी कामगार रस्त्यावर आले. पाच दिवसांत काँग्रेस-लीगच्या नेत्यांच्या सांगण्यावरून शरणागती झाली आणि कित्येकांची नोकरी गेली ती स्वातंत्र्यानंतरही परत मिळाली नाही.

गॅजेट्सवर फार पानं घालवू नका, नावंही झायरा-कायरा नकोत, सुप्रिया चालेल.

सगळ्यात अवघड सीन घरातला. मम्मीला मूर्ख करू नका, "खोली गेली तर आजीला कुठे ठेवू, तू सांग" असं तिने म्हटलं की सुप्रियाकडे उत्तर नसलं पाहिजे, आणि ते तुमच्याकडेही नसेल तर सीन नीट जमलाय, पुढचं प्रकरण घ्या.