प्रोजेक्टसाठी तळं निवडण्याआधी

इकॉलॉजीत संशोधन करायचं असेल तर एम.एस्सी.चा प्रोजेक्ट जपा. पीएच.डी.च्या मुलाखतीत निम्मे प्रश्न त्याच्यावरच येतात आणि खेड्यातल्या कॉलेजांमधून आलेल्या हुशार पोरी तिथेच अडतात. बुद्धी कमी पडते म्हणून नाही, आखणी कुणी शिकवलेली नसते म्हणून.

भंडारा-गोंदियाचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तळी, घ्या. विषय ठरतो: बेशरम हे पाणथळ जागी माजणारं झुडूप वाढलं की पाणपक्षी घटतात का? बेशरमीनं वेढलेलं एक तळं, मोकळं एक तळं, दोन्हीकडे वीस-वीस सकाळी मोजणी. टी-टेस्टमध्ये, म्हणजे दोन सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या चाचणीत, फरक दिसतो, सगळे खूश. पण नमुने वीस नाहीत, प्रत्येक बाजूला एकच आहे. बेशरम तळ्यात आहे, सकाळीत नाही. मोकळ्या तळ्यात पाणी उथळ असेल, मासेमारी कमी असेल, शेजारी धानाच्या बांध्या (भातखाचरं) असतील. पक्षी नेमके कशामुळे जास्त, हे वीसच काय, शंभर सकाळी मोजूनही कळणार नाही. एकाच तळ्याच्या मोजण्या वेगवेगळे नमुने म्हणून धरणं, याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. इकॉलॉजिस्ट हर्लबर्टचा 1984 चा पेपर याच्यावरच आहे. तो वाचाच.

मग करायचं काय? बेशरम असलेली आठ तळी, मोकळी आठ, आणि दोन्ही प्रकार तालुकाभर मिसळलेले. एका बाजूला सगळी बेशरमीची, असं नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, प्रत्येक तळ्यावर तीन फेऱ्या. तळ्यांचा क्रम दर फेरीला बदला. क्षेत्रफळ, खोली, मासेमारीची जाळी, गावापासूनचं अंतर नोंदवा. शेवटी प्रत्येक तळ्याची सरासरी काढा. विश्लेषणात सोळाच आकडे जातील. सोळा जमत नसतील तर कमी घ्या, पण तीन-तीनवर थांबू नका: तेवढ्यावर मॅन-व्हिटनी या दोन गटांची तुलना करणाऱ्या चाचणीचं दुहेरी पी-मूल्य 0.1 च्या खाली जाऊच शकत नाही, म्हणजे फरक ठामपणे दाखवताच येत नाही. जंगलात चराईच्या एकाच पट्ट्यात टाकलेल्या क्वाड्रॅटचंही (झाडं मोजायच्या चौकटींचंही) हेच: कितीही टाका, नमुना एकच.

पक्षी दिसला नाही तर 0 लिहा, गेलाच नाहीत तर रेघ मारा. रिकामी चौकट महिन्याभरानं काहीच सांगत नाही.

वाघाच्या मोहात पडू नका. अभयारण्यात काम म्हणजे नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांची परवानगी, आणि त्यात अख्खा हंगाम निघून जाऊ शकतो. गावतळ्याला ग्रामपंचायत आणि मच्छीमार संस्थेशी बोलून ठेवा. ढीवर (मासेमार) मंडळींना तळ्याची खोली तुमच्या गाइडपेक्षा जास्त ठाऊक असते. पहाटे एकटीनं जाण्यावर घरचे अडून बसले तर मैत्रीण सोबत घ्या. एक मोजेल, एक लिहील, नोंदीही चांगल्या होतात. तयार प्रोजेक्ट विकत घेणं मात्र साफ नको, मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. गाइड नावावरून निवडू नका, त्यांच्या विद्यार्थिनींना भेटून विचारा: डेटा सर बघतात का?

नेट या पात्रता परीक्षेची धास्ती घेऊ नका. लाइफ सायन्सेसच्या भाग सी मध्ये 75 पैकी 25 च प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी 4 गुण, चुकलं की 1 वजा. इकॉलॉजी, उत्क्रांती आणि वर्तन, जीवविविधता हे घटक पक्के करा. गेट या दुसऱ्या परीक्षेत तर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन हा स्वतंत्र पेपरच आहे. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफला (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला) मुलींना वयात 5 वर्षांपर्यंत सूट मिळते आणि 2023 पासून फेलोशिप महिना 37,000 रुपये आहे. घरात लग्नाची घाई सुरू झाली की हे दोन्ही आकडे वडिलांसमोर ठेवा.