कपाट निवडण्याआधी कपडे मोजा

घरातली कपाटं आतून मांडून देणं हे माझं काम. दांड्या, फळ्या, ड्रॉवर, जाळीच्या टोपल्या, कुठे काय आणि किती उंचीवर, हे ठरवायचं आणि बसवायचं. नव्या कपाटासाठी जितकी बोलावणी येतात, जवळपास तितकीच आधी बसवलेलं उखडून पुन्हा मांडायलाही येतात. अशी फसलेली कपाटं उघडून बघता बघता एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. कपाट बिघडतं ते कपडे परत ठेवताना. काढताना माणूस कसाही निभावून नेतो. हवा असलेला शर्ट शोधायला तो दोन ढीग उचकटेल, खाली वाकेल, स्टूलही ओढून आणेल. पण रात्री वाळलेल्या कपड्यांचा गठ्ठा हातात घेऊन तो कपाटासमोर उभा राहतो, तेव्हा जरा जरी अडलं तरी गठ्ठा खुर्चीवर जातो. आणि खुर्चीवर गेलेला गठ्ठा तिथेच राहतो.

म्हणून कुणाच्या घरी गेलो की मी आधी कपाट बघत नाही, खुर्ची बघतो. तिच्यावर काय साठलंय? एकदा घातलेल्या, धुवायला न टाकलेल्या पँटी असतील, तर त्या घराला आणखी फळ्या नकोत, दाराच्या आतल्या बाजूला चार मजबूत खुंट्या हव्यात. घड्या घातलेले कपडे असतील तर फळ्या भरल्या आहेत किंवा हात पोचणार नाही इतक्या वर आहेत. इस्त्रीचे कपडे असतील तर दांडी अपुरी आहे. तुमच्या घरातली ही खुर्ची नीट बघा. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा ती तुम्हाला जास्त सांगेल.

मग एक सुट्टीचा दिवस काढा आणि कपाट रिकामं करा. सगळं पलंगावर घ्या. लांब टांगायचं वेगळं, आखूड टांगायचं वेगळं, घडीचं वेगळं, मोजे-रुमाल-आतले कपडे वेगळे, आणि वर्षातून एकदोनदाच लागणारं वेगळं. आता नग मोजत बसू नका, जागा मोजा. टांगायचे कपडे हँगरवर घालून एका ओळीत लावा, दाबून न धरता, आणि टेप लावा. साध्या शर्टाला साधारण अडीच सेंटिमीटर लागतात, जाड कोटाला पाच ते आठ. घडीच्या कपड्यांचे ढीग करा, पण २५ ते ३० सेंटिमीटरपेक्षा उंच नको, कारण त्याहून उंच ढीग खालचा एक कपडा ओढला की कोसळतो. असे किती ढीग झाले ते मोजा. जे आकडे येतील त्यांत पाचवा हिस्सा वाढवा. पूर्ण भरलेल्या दांडीत हँगर परत घालायला दोन हात लागतात, आणि दुसऱ्या हातात गठ्ठा असतो.

मोजायचा हट्ट का धरतो ते सांगतो. एका घरी कपाटाचा तयार संच बसवलेला होता, दिसायला देखणा. दोन तृतीयांश भाग फळ्यांचा आणि उरलेल्यात ६० सेंटिमीटरची एकच दांडी. घरातले गृहस्थ रोज इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांचे शर्ट मोजले, ३८ निघाले. म्हणजे त्यांना निदान ९५ सेंटिमीटर दांडी हवी आणि होती ६०. शर्ट इतके दाटून टांगले होते की इस्त्री कपाटातच मोडत होती, आणि रोज सकाळी ते पुन्हा इस्त्री फिरवत होते. शेजारच्या तीन फळ्यांवर मात्र रिकामी खोकी. मी त्या तीन फळ्या काढल्या आणि तिथे एक दांडी बसवली. काम दुपारच्या आत संपलं. संच वाईट नव्हता, फक्त घेण्याआधी कोणी शर्ट मोजले नव्हते.

आता कपाटाची जागा. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा. भिंती सरळ दिसतात, पण बहुतेकींना कुठेतरी पोट असतं. सर्वांत कमी भरेल ती रुंदी धरा. पुढून मागपर्यंतची खोलीही तशीच मोजा, आणि जमिनीलगतची पट्टी म्हणजे स्कर्टिंग किती पुढे आलंय तेही टिपून ठेवा. स्विचबोर्ड, खिडकीची चौकट, खोलीचं दार उघडल्यावर त्याची मूठ कुठवर येते, हे सगळं त्याच कागदावर लिहा. हँगर साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर रुंद असतो आणि बाह्या त्याच्याही बाहेर येतात, म्हणून टांगण्याच्या भागाला आतून ५५ ते ६० सेंटिमीटर खोली लागतेच. सरकती दारं घेणार असाल तर त्यांच्या रुळांना आणखी आठ-दहा सेंटिमीटर जातात. हे विसरलं की दार सरकवताना बाही अडकते, रोज. जागा उथळ असेल तर आडव्या दांडीचा हट्ट सोडा आणि पुढे ओढता येणारी, मागून पुढे येणारी छोटी दांडी घ्या. तिच्यावर कपडे तुमच्याकडे तोंड करून टांगले जातात.

सरकत्या दारांबद्दल आणखी एक. दोन दारांच्या कपाटात एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. पलंग आणि कपाट यांच्यात दार उघडायला जागाच नसेल तर इलाज नाही, पण जागा असेल तर मी बिजागरीची दारंच घ्यायला सांगतो. सगळं कपाट एका नजरेत दिसतं, आणि त्या खुंट्यांसाठी दाराची आतली बाजूही हाती लागते.

उंचीचं गणित सोपं आहे, पण त्यात मी एकदा घरच्याच माणसाला त्रास दिला. शर्ट-कुर्ते टांगायला दांडीपासून खाली साधारण मीटरभर जागा लागते, मधोमध घडी घातलेल्या पँटीला ७०-७५ सेंटिमीटर, अंगभर लांब कपड्यांना दीड मीटर किंवा थोडं जास्त. म्हणून एक दांडी जमिनीपासून १ मीटरवर आणि दुसरी २ मीटरवर लावली की त्याच रुंदीत आखूड कपडे दुप्पट मावतात. हे इतकं छान जमतं की मी आईच्या कपाटातही तसंच केलं. काही महिन्यांनी उघडून बघितलं तर वरची दांडी पूर्ण रिकामी. खालची गच्च, आणि उरलेलं सगळं घड्या घालून तळाच्या ड्रॉवरमध्ये कोंबलेलं. तिचा खांदा वर जात नव्हता आणि ती मला बोलली नव्हती. मी वरची दांडी काढली, एकच दांडी तिच्या हाताच्या बेताने लावली. तेव्हापासून मी आकड्यांआधी माणूस उभा करतो. कपाट जो वापरणार आहे त्याने टाचा न उचलता हात सहज वर करायचा. जिथे मनगट येतं तिथे दांडी, त्यापेक्षा वर नाही. मुलांच्या कपाटात तर दांडी हलवता आलीच पाहिजे, कारण ती मनगटं दरवर्षी वर जातात.

हलवता येणं हे एकंदरीतच मी सर्वांत वर ठेवतो. चांगल्या संचाच्या उभ्या फळ्यांना आतून ५ मिलिमीटरच्या भोकांची रांग असते, दोन भोकांत ३२ मिलिमीटर अंतर. हे माप जगभर रुळलेलं आहे, त्यामुळे फळीच्या टेकण्या, बिजागऱ्यांच्या पट्ट्या, ड्रॉवर ज्यांवर सरकतो ते चॅनल पुढेमागे दुसरीकडूनही मिळतात. भोकांची रांगच नसेल, सगळं खिळून ठेवलं असेल, तर तो संच आजच्या तुमच्यासाठी बनलाय. पाच वर्षांनंतरच्या तुमच्यासाठी नाही.

फळ्यांकडे लोक सर्वांत कमी बघतात आणि मला सर्वांत जास्त बोलावणी त्यांच्यासाठीच येतात. फळीला झोळ पडतो. फळीचा पल्ला, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, दुप्पट केलं तर तेवढ्याच वजनाखाली ती आठपट वाकते. उलट जाडी दुप्पट केली तर वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. त्यामुळे १८ मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेल्या, फळीला मी ७५ सेंटिमीटरपेक्षा लांब पल्ला देत नाही. दुकानात मीटरभर लांबीची सलग फळी रुबाबदार दिसते. तिच्यावर चादरी आणि जाड पांघरुणं ठेवा, वर्षभरात मध्ये बोटभर खाली गेलेली दिसेल, आणि पार्टिकल बोर्ड एकदा बसलं की उलटं करून ठेवलं तरी पुरतं सरळ होत नाही. लांब फळी हवीच असेल तर मध्ये उभा आधार द्या, किंवा पुढच्या कडेखाली लाकडाची दोन बोटं रुंद पट्टी उभी चिकटवून घ्या. तेवढ्याने खूप फरक पडतो. दांडीचंही तसंच, मीटरच्या आसपास गेली की मध्ये एक आधार.

फळीची खोली हा दुसरा खड्डा. कपाट ६० सेंटिमीटर खोल आहे म्हणून फळ्याही तेवढ्याच खोल करतात. घडीच्या कपड्याला ३५ ते ४० पुरतात. त्याहून खोल फळीवर दोन रांगा होतात, आणि मागच्या रांगेतले कपडे घरात असूनही नसल्यासारखे. खोल भागात मी फळीऐवजी ड्रॉवर किंवा ओढता येणारे ट्रे घालतो. ड्रॉवर घेताना तो पूर्ण बाहेर येतो का ते बघा. काही चॅनल तीन चतुर्थांशच उघडतात, मग मागचा चतकोर पुन्हा अंधारात. उघडलेल्या ड्रॉवरची पुढची कड धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवा. रिकामाच डुगडुगत असेल तर भरल्यावर काय होईल ते उघड आहे. मोजे आणि आतल्या कपड्यांना १०-१२ सेंटिमीटर उंचीचा ड्रॉवर बास, टी-शर्ट उभे लावायचे तर २० च्या आसपास. उंच ड्रॉवरमध्ये लहान वस्तू घातल्या की तळाशी गाडल्या जातात.

संच तीन तऱ्हांचे असतात. सुटं उभं राहणारं कपाट, भिंतीवरच्या आडव्या पट्टीला उभ्या पट्ट्या लटकवून त्यांत फळ्या अडकवायची पद्धत, आणि जागेच्या मापाने बनवून बसवलेलं. घर भाड्याचं असेल तर सुटंच घ्या, यावर फार विचार करायला नको. लटकवायची पद्धत मला मनापासून आवडते, कारण जमीन मोकळी राहते, झाडू फिरतो आणि फळ्या मिनिटात वर-खाली होतात. पण तिचा सगळा भार भिंतीवर असतो. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर भोकात स्क्रू घट्ट धरणारे योग्य प्लग आणि लांब स्क्रू घालून निर्धास्त राहा. जिप्सम बोर्डाची पोकळ भिंत असेल तर स्क्रू आतल्या उभ्या सांगाड्यातच गेला पाहिजे. तो बहुधा ४० किंवा ६० सेंटिमीटरवर असतो, भिंत ठोकत गेलात की आवाज जिथे भरीव होतो तिथे. नुसत्या बोर्डात घातलेला स्क्रू कपड्यांच्या वजनाने हळूहळू बाहेर येतो. आणि सुटं कपाट कितीही जड वाटलं तरी ते वरून भिंतीला बांधाच. मूल खालचे ड्रॉवर पायऱ्यांसारखे उघडून चढतं आणि सगळा तोल पुढे येतो. दोन क्लिप आणि चार स्क्रू, यात दिरंगाई करू नका.

मालाबद्दल थोडक्यात. पार्टिकल बोर्ड स्वस्त आणि सपाट असतं, पण पाणी लागलं की फुगतं आणि एकदा निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. प्लायवूड स्क्रू चांगला धरतं आणि कमी वाकतं. एमडीएफला, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डाला, रंग सुंदर बसतो, मात्र ते जड असतं. काहीही घ्या, कडा तपासा. नखाने कडेची पट्टी उचलून बघा, आणि फळीची मागची कडसुद्धा बंद आहे का ते हात फिरवून बघा, कारण ओल तिथूनच शिरते. बोर्डावर ई१ असा शिक्का असेल तर त्यातून फॉर्मल्डिहाइड, म्हणजे बोर्डाच्या गोंदातून सुटणारा घातक वायू, ठरावीक मर्यादेच्या आतच बाहेर पडतो. तरीही नवं कपाट काही दिवस दारं उघडी ठेवून वारं लागू द्या, मगच कपडे ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट येत असेल तर मागे दोन-तीन सेंटिमीटर फट सोडा, नाहीतर बुरशी धरते. दमट खोलीत तारेच्या जाळीच्या फळ्या उत्तम, हवा खेळती राहते. फक्त मऊ लोकरीच्या कपड्यांवर जाळीचे वळ उठतात, त्यांच्याखाली पातळ पत्रा किंवा जाड पुठ्ठा टाका.

टायचे रॅक, कमरपट्ट्यांचे हुक, पँटीसाठी ओढता येणारी जाळी, ही जादा उपकरणं पहिल्या दिवशी घेऊ नका. डबेही नकोत. आधी दांड्या, फळ्या आणि दोन ड्रॉवर. महिनाभर वापरा, काय अडतंय ते हात सांगतील, मग एकेक वाढवा.

मागणी पक्की करण्याआधी भिंतीवर आणि जमिनीवर रंगाऱ्याच्या कागदी चिकटपट्टीने कपाटाची पूर्ण मापाची आकृती काढा. दांडी कुठे, फळ्या कुठे, दार उघडल्यावर कुठवर येतं, सगळं. दोन दिवस त्या रेषा चुकवत खोलीत वावरा.

आणि बसवायच्या दिवशी बसवणाऱ्याला लगेच जाऊ देऊ नका. माझ्या कामात मी हे स्वतःहूनच करून घेतो. वाळलेल्या कपड्यांची एक भरलेली बादली आणा आणि ती जो रोज रिकामी करतो त्यानेच कपाटात लावून बघायची. कुठे हात थांबतो, कुठे वाकावं लागतं, कुठे हँगर आपटतो, ते तिथेच बोला. हत्यारं अजून बाहेर आहेत आणि दांडी दोन भोकं खाली घ्यायला पाच मिनिटं लागतात.