माईकचा आवाज बारीक येतोय? इनलाइन प्रीअँप असा जोडा

शुअर एसएम७बी हा माईक ध्वनीच्या एका पास्कल दाबाला जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट देतो. बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी त्याला निदान ६० डेसिबल गेन (सिग्नलची वाढ) लागतो. फोकसराइट स्कार्लेट २आय२ या ऑडिओ इंटरफेसच्या (माईक संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) तिसऱ्या पिढीत कमाल ५६ डेसिबल गेन आहे, चौथ्या पिढीत ६९. म्हणजे एकाच माईकला एका इंटरफेसवर इनलाइन प्रीअँपची (माईक आणि इंटरफेसच्या मध्ये बसून सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणाची) गरज भासते, तर दुसऱ्यावर बहुधा भासतच नाही. क्लाउडलिफ्टर सीएल-१ किंवा फेटहेडसारखा इनलाइन प्रीअँप विकत घेण्याआधी आपली खरखर नेमकी कुठून येते ते बघा.

त्यासाठी माईक जोडलेलाच ठेवा, गेन नेहमीएवढा ठेवा आणि माईक जाड गोधडीत गुंडाळून कपड्यांच्या कपाटात ठेवा. एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. आवाज एकदम शांत झाला, तर दोष पंख्याचा, एसीचा किंवा रस्त्याचा. प्रीअँप लावलात तर तोही तुमच्या बोलण्याइतकाच वाढेल. कपाटातही तीच बारीक 'स्स्स' ऐकू आली आणि नॉबच्या शेवटच्या टप्प्यात ती एकदम वाढत असेल, तर इंटरफेसचा प्रीअँप थकतोय. तिथे हे उपकरण उपयोगी पडतं. 'घूं' असा जाड आवाज असेल तर आधी केबल आणि अर्थिंग तपासा.

इनलाइन प्रीअँप सिग्नल साधारण २५ डेसिबलने, म्हणजे जवळजवळ १८ पट वाढवतो. त्यासाठी लागणारी वीज तो इंटरफेसच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरमधून (माईकच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेतून) घेतो आणि ती माईककडे जाऊ देत नाही. म्हणून डायनॅमिक आणि पॅसिव्ह रिबन माईकला तो चालतो, पण नेहमीच्या कंडेन्सर माईकला वीजच मिळत नाही आणि तो मुका राहतो. दोन प्रीअँप एकामागे एक लावून ५० डेसिबल मिळवायचा बेतही याच कारणाने फसतो: माईककडच्या प्रीअँपपर्यंत वीज पोचतच नाही.

जोडणी करताना स्पीकर बंद, गेन शून्यावर, ४८ व्होल्टचं बटण बंद. माईक प्रीअँपच्या इनपुटला, प्रीअँपचं आउटपुट इंटरफेसच्या माईक इनपुटला. दोन्हीकडे तीन पिनांची एक्सएलआर केबलच हवी. इंटरफेसच्या कॉम्बो सॉकेटमध्ये पाव इंची जॅक खुपसलात तर सिग्नल लाइन इनपुटला जातो आणि तिथे फँटम नसते. 'प्रीअँप बिघडलाय' म्हणून परत पाठवण्याआधी हे बघाच. सगळं घट्ट बसलं की ४८ व्होल्ट सुरू करा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि मग गेन हळूहळू वाढवा. आधी नॉब ५५ डेसिबलवर असेल, तर आता तो ३०च्या आसपास पुरेल. मोठ्याने बोलताना रेकॉर्डिंगच्या मीटरवर शिखरं -१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. काढताना क्रम उलटा: गेन खाली, ४८ व्होल्ट बंद, थोडं थांबून मग केबल.

प्रीअँप शक्यतो माईकजवळ बसवा. केबल दहा-पंधरा मीटर लांब असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण सिग्नल वाढल्यानंतर केबलने वाटेत पकडलेला गोंगाट त्याच्यापुढे क्षुल्लक ठरतो. टेबलावरच्या दोन मीटर केबलला काही फरक पडत नाही.

तरीही आवाज येत नसेल तर मल्टीमीटर डीसीवर ठेवा. प्रीअँप काढून, ४८ व्होल्ट सुरू ठेवून, इंटरफेसकडून आलेल्या केबलच्या मोकळ्या टोकाला पिन १ आणि २, मग १ आणि ३ मोजा. दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्ट हवेत, आणि दोन्ही आकडे जवळपास सारखे. एकीकडे शून्य दिसलं तर बहुधा त्या केबलमधली तार तुटली आहे. अशी केबल रिबन माईकला थेट कधीही लावू नका: फँटम एकाच बाजूने पोचली तर आतली नाजूक पट्टी ताणली जाऊ शकते.

सगळं जुळल्यावर प्रीअँपसह आणि प्रीअँपशिवाय तेच वाक्य रेकॉर्ड करा, दोन्हींची पातळी सॉफ्टवेअरमध्ये सारखी करा आणि मगच खरखर ऐका. पातळी न जुळवता ऐकलं तर मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो. इंटरफेसचा प्रीअँप मुळात स्वच्छ असेल तर फरक दोन-तीन डेसिबलचाच निघेल. त्यापेक्षा माईक चार बोटं तोंडाजवळ घेणं जास्त फायद्याचं.